अकरावी शीट

आमच्या ऑफिसच्या हजेरीच्या वहीत एका नावापुढे रोज निळा अंगठा उमटलेला असायचा. बाकी चाळीसएक जणांच्या घाईच्या, वळणदार, रुबाबात ओढलेल्या सह्या आणि मधेच हा अंगठा. तो चाचांचा. मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना लिहिता येत नसेल. पंधरा दिवसांनी दुपारच्या सुट्टीत ते जिन्याच्या पायरीवर बसून झाडलोट करणाऱ्या मावशींना रेशन कार्डाचा अर्ज लिहून देताना दिसले. अक्षर असं, की शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला त्यांनाच बोलवावं. मी चकित होऊन विचारलं, तर म्हणाले, "लिहिता येतं बाय. सही करायची सवय सुटली." आणि पुन्हा अर्जात मान घातली.

हे दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. रत्नागिरीच्या एमआयडीसीत, एका बंद पडलेल्या आंबा कॅनिंगच्या शेडमध्ये आमचं ऑफिस होतं. खाली गालिचा, वर एसी, पण हवा दमट झाली की भिंतींतून आमरसाचा आंबूस वास यायचाच. आमचे साहेब इथलेच. मुंबईतल्या इंजिनिअरिंग कंपनीतली मोठी जागा सोडून परत आले आणि गावातल्या पोरापोरींना गावातच काम मिळावं म्हणून त्यांनी हे सुरू केलं. काम काय, तर आखाती देशांतल्या तेलाच्या आणि गॅसच्या जुन्या कारखान्यांचे नकाशे संगणकात भरायचे. तिकडून कुरियरने सीडी यायच्या. सीडीवर कागदी नकाशांच्या प्रती, घडीवर फाटलेल्या, चहाचे गोल डाग पडलेल्या. कुठली पाइपलाइन कुठून कुठे जाते, तिच्यावर कुठे व्हॉल्व्ह आहे, त्याचा नंबर काय, माप काय, हे सगळं आम्ही डोळे ताणून वाचायचं आणि एकेक करून भरायचं. म्हणजे पुढे तिकडचा इंजिनिअर संगणकावर त्या व्हॉल्व्हवर टिचकी मारील आणि त्याची सगळी कुंडली समोर येईल. कुंडली हा साहेबांचा शब्द.

यात विचित्र गोष्ट अशी, की आमच्यापैकी कुणीच तेलाचा कारखाना बघितलेला नव्हता. मी पॉलिटेक्निकातून डिप्लोमा केला होता. सहलीत एकदा साबणाचा कारखाना बघितला होता, तेवढाच. कारखाना आतून बघितलेला माणूस एकच, चाचा.

ते किनाऱ्यावरच्या एका गावातले. घरात दोन पिढ्या बोटीवर, नंतरची आखातात. चाचा फिटर म्हणून गेले, फोरमन झाले आणि अजून हातात बळ असताना सगळं सोडून परत येऊन आपली आंब्याची कलमं राखत बसले. मग एक दिवस आपणहून आमच्या ऑफिसात आले आणि साहेबांना म्हणाले, तुमच्याकडे नकाशे येतात ते तपासायला मला ठेवा. साहेबांनी परीक्षा म्हणून एक मोठी शीट पुढे केली. चाचांनी ती टेबलावरून उचलून जमिनीवर पसरली, चपला काढल्या आणि मोजे घातलेल्या पायांनी तिच्यावर उभे राहिले. साहेब बघतच राहिले. चाचा एका कोपऱ्यातून निघाले आणि एकेक पाऊल सरकत दुसऱ्या कोपऱ्यातून बाहेर पडले, आणि तेवढ्यात नकाशातल्या दोन चुका त्यांनी सांगितल्या. त्याच दिवशी ते कामाला लागले.

त्यानंतर आम्ही रोज हेच बघत आलो. चाचा शीट वाचायचे नाहीत, तिच्यातून चालायचे. तेल जिथून येतं तिथे उभं राहायचं आणि जिथे जातं तिथपर्यंत जायचं. व्हॉल्व्ह आला की थांबायचं, दोन्ही हातांनी हवेत चाक फिरवायचं, मग पुढे. मधे कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. साहेबांनी हाक मारली तर खिशातून एक काजूची बी काढून जिथे उभे असतील तिथे ठेवायचे आणि मगच शीटवरून उतरायचे. एकदा कुणीतरी गंमत म्हणून ती बी दोन बोटं सरकवली. चाचा परत आले, शीटवर पाय ठेवला आणि लगेच उतरले. म्हणाले, मी इथे नव्हतो. सगळी लाइन पुन्हा पहिल्यापासून चालले. तो अर्धा दिवस आमचं काम थांबलं आणि बी सरकवणाऱ्याने पुन्हा असं काही केलं नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. आपण काहीही ठामपणे सांगितलं की ते विचारायचे, "बघितलंस की वाचलंस?" इथे आम्ही दिवसभर वाचायचोच. बघायला होतं काय? पण चाचांपुढे तोंड उघडायची सोय नसे. मी एकदा एक लाइन भरून त्यांच्याकडे दिली. ते चालत निम्म्यात गेले आणि अडून उभे राहिले. पुढे जाईनात. मी विचारलं तर म्हणाले, ही मला पुढे सोडत नाय. मला हसू आलं. मग मूळ नकाशा मोठा करून बघितला, तर तेल एकाच दिशेने जाऊ देणारा जो व्हॉल्व्ह असतो तो मी उलटा भरला होता. माझं हसू तिथेच संपलं.

माझ्याशी ते जपून, ऑफिसातलं मराठी बोलायचे. मन हललं की मात्र घरची बोली बाहेर पडायची. कुरियरवाला पाकीट घेऊन आला आणि सही मागू लागला की हे त्याला बसवून ठेवायचे, दुसरं कुणी येईपर्यंत. तो चिडायचा, चाचा शांत. अंगठा चालेल का म्हणायचे. आम्ही त्याला त्यांचा चक्रमपणा समजायचो. तसंच रोज सकाळी आल्या आल्या माझ्या टेबलापाशी येऊन आज कुठल्या भागाच्या शीट आल्यात असं विचारणं, हाही आम्ही चक्रमपणातच धरला होता. मी भागाचा नंबर सांगायची. ते मान हलवायचे आणि जायचे. दीड वर्षात एकदाही हा प्रश्न चुकला नाही.

त्या दिवशी ते मोहल्ल्यातल्या एका मयतीला गेले होते म्हणून उशिरा यायचे होते. नवीन सीडी मी उघडली. कारखान्याचा एक जुना भाग बरीच वर्षं बंद होता, तो पुन्हा चालू करायचा म्हणून त्याचे नकाशे घाईने हवे होते. अकरा शीट होत्या. प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात चौकटी असतात, कुणी काढलं, कुणी तपासलं, आणि शेवटची चौकट, जागेवर जाऊन कुणी पाहिलं. तिथे इंग्रजी आद्याक्षरं असायची, ती आम्ही नुसती टिपून घ्यायचो. त्या शीटांवर शेवटच्या चौकटीत मला देवनागरी दिसलं. आधी वाटलं, कागदाला सुरकुती आहे. मोठं करून बघितलं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि खाली बारीक अक्षरात गाव. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर करतात तशी सही. फळ्यावरच्या सुविचारासारखं अक्षर.

परदेशातल्या कारखान्याच्या जुन्या नकाशावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाचं नाव, आणि तेही रोज अंगठा लावणाऱ्या माणसाच्या हातचं. मी अकराही शीट एकामागून एक उघडल्या. अकराही ठिकाणी तीच सही.

चाचा आले आणि नेहमीप्रमाणे विचारलं. मी नंबर न सांगता स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी सही बघितली, पण दचकले नाहीत. ज्याची वाट बघत असतो ते माणूस आल्यावर कुणी दचकत नाही. म्हणाले, "अकरावी छाप." मी छापून आणली. त्यांनी ती जमिनीवर पसरली, चपला काढल्या, आणि काठावर उभेच राहिले. पाय टाकेनात. मग तिथेच बाजूला खाली बसले आणि मला सांगितलं.

चौदा वर्षांपूर्वी तो भाग बांधून झाला तेव्हा नकाशाप्रमाणे सगळं आहे ना हे जागेवर चालून बघायचं काम त्यांच्याकडे होतं. बघायचं आणि सही करायची. चाचांची त्या रात्रीच्या विमानाने घरी यायची रजा होती, तीन वर्षांनंतरची पहिली. पासपोर्ट कंपनीकडे. अकरा शीट सह्या होऊन आल्या की पासपोर्ट मिळणार. दहा शीट ते चालले. अकरावीच्या वेळी दुपार कलली होती, गाडी फाटकात उभी होती. शेवटच्या शीटवर त्यांनी पत्र्याच्या टेबलाशी उभ्या उभ्या सही केली. एवढं सांगून ते थांबले. मला वाटलं संपलं. मी म्हणाले सुद्धा, की एवढंच ना चाचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शीटवरच्या एका रेघेवर बोट ठेवलं.

त्या शीटवर एक खाली उतरणारी बारीक लाइन होती. नकाशात तिच्यावर दोन व्हॉल्व्ह, एकाखाली एक. एक गळका निघाला तर दुसरा अडवील म्हणून दोन. प्रत्यक्षात बसवला होता एकच. दुसरा त्या दिवसांत आलाच नव्हता, मागून बसवू म्हणून राहून गेला. चाचा जागेवर गेले असते तर लांबूनच दिसलं असतं. ते रजा संपवून परतले, त्यानंतर काही महिन्यांनी त्या लाइनचं तोंड उघडून साफ करायचं होतं. काम ज्याच्याकडे आलं तो त्यांचा जोडीदार, गुहागरकडचा. चाचांनीच त्याला तिकडे नेलं होतं, एका खोलीत राहायचे, एकाच्या डब्यातलं दुसरा खायचा. त्याने वरचा व्हॉल्व्ह बंद केला. खालचाही बंद असल्याचं ऑफिसातून नकाशा बघून कागदावर लिहून आलं होतं. त्यावर विसंबून त्याने तोंड उघडलं, आणि वरचा गळका होता. त्या लाइनमधल्या विषारी गॅसला कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि जास्त झाला की वास यायचाच बंद होतो. तो तिथेच गेला.

चौकशी झाली ती सगळी एसीच्या खोलीत, नकाशा टेबलावर पसरून. नकाशात व्हॉल्व्ह दोन आणि जागेवर पाहिल्याची सही. म्हणजे मरणाऱ्यानेच दुसरा बंद केला नाही, असं ठरलं. ती लाइन तोंडाला जाड पत्रा ठोकून बंद करून टाकली, तो भागही पुढे बंद पडला. चाचा चौकशीत बसले होते. त्यांना विचारलं, सही तुमचीच ना? ते हो म्हणाले. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

"बॉडी मीच आणली गुहागरला," चाचा म्हणाले. "आणि ओटीवर बसून वैनीला मीच सांगितलं, चूक त्याची झाली."

मला त्यांची भीती वाटली, खरं सांगायचं तर. ज्यांच्या चालण्याला आम्ही दीड वर्ष हसलो, तो माणूस समोर बसून हे सांगत होता आणि त्याचा आवाज नेहमीइतकाच होता. त्या भागाचे नकाशे रत्नागिरीला जाणार हे त्यांना तिकडून रजेवर आलेल्या गाववाल्यांकडून कळलं होतं. म्हणून ते आमच्याकडे नोकरीला लागले होते. ही एक शीट येईपर्यंत बाकीच्या शेकडो तपासत बसले होते.

त्यांनी मला इंग्रजीत लिहायला सांगितलं, की हा दुसरा व्हॉल्व्ह तिथे नाही. मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "आपण नकाशा भरतो, कारखाना नाही." कागदावर आहे ते भरायचं, वाचता आलं नाही तर शंका विचारायची, एवढंच आपलं काम. एका फिटरच्या आठवणीवरून नकाशा खोटा आहे असं कळवलं तर ते आपल्याकडून काम काढून घेतील, चाळीस घरं यावर आहेत. मला ते पटलंही. मी बावीस-तेवीस वर्षांची होते आणि त्या चाळीस घरांत माझं एक होतं. मी एक शंकापत्रक लिहिलं, अगदी गुळमुळीत. अमुक व्हॉल्व्ह जागेवर असल्याची कृपया खात्री करावी. आठ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, नकाशाप्रमाणे भरा.

मी ते चाचांना वाचून दाखवलं. म्हटलं, त्यांनी बघितलं असेल. चाचा म्हणाले, "बघितलं की वाचलं?"

मग त्यांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला. पूर्ण पानभर मराठीत लिहिलं, कुठे खाडाखोड नाही, आणि खाली सही केली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, आता तुझं तू बघ बाय. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब यायच्या आधी मी त्याचं इंग्रजी केलं, मूळ कागद स्कॅन करून जोडला आणि पाठवून दिलं. आयुष्यात मी कधी कुणाला न विचारता असं काही केलं नव्हतं. साहेबांना दुपारी जाऊन सांगितलं. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी तिकडून फोन आला आणि मागोमाग ईमेल. त्यांनी माणूस पाठवून त्या जागेचा फोटो काढला होता. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवर चालायचं. फोटो एकदम दिसत नसे, वरून खाली पट्टी पट्टी करून उतरायचा. साहेब, मी आणि चाचा एका संगणकापुढे उभे होतो. आधी नुसतं पांढरं आभाळ आलं. मग गंजलेला आडवा खांब. मग ती लाइन, वरून खाली उतरणारी. मग व्हॉल्व्हच्या चाकाचा वरचा काठ दिसला, लाल रंग उडालेला. हा पहिला. चाचा पुटपुटत होते, काय ते ऐकू आलं नाही. चौदा वर्षांत कुणीतरी येऊन तो दुसरा बसवलेला असेल, असं त्या क्षणी मलाही मनापासून वाटायला लागलं. एका चाकाखाली दुसरं चाक, बस. पट्टी खाली सरकली. पाइप. अजून पाइप. मग ठोकलेला पत्रा, मग कुणाचा तरी हात, त्या हातात लाइनचा नंबर लिहिलेला कागद, आणि खाली वाळू.

"नाय," चाचा म्हणाले आणि तिथेच गालिच्यावर बसले.

साहेब खुर्चीत बसले नाहीत. तेही त्यांच्या शेजारी खाली बसले. तो भाग पुढच्याच महिन्यात चालू होणार होता. आम्ही तो व्हॉल्व्ह भरला असता, तर पुढे त्याची कुंडली प्रत्येक संगणकावर दिसली असती, नंबर, माप, धातू, सगळं. नसलेल्या व्हॉल्व्हची.

आठवड्याने तिकडून पत्र आलं. काम थांबवल्याचं, सगळा भाग जागेवर जाऊन पुन्हा तपासणार असल्याचं त्यात होतं. आमचे आभारही मानले होते. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, की न बघता सही केल्याचं जो माणूस स्वतः कबूल करतो, त्याला यापुढे आमच्या नकाशांच्या तपासणीवर ठेवू नये. साहेबांनी तेही मोठ्याने वाचलं, कारण वाचायला सुरुवात केल्यावर त्यांना थांबता आलं नाही. ज्या माणसाने सांगितलं म्हणून कुणाचा तरी जीव वाचला, त्यालाच घालवा म्हणतात. साहेब म्हणायला लागले, मी उलट लिहितो, असं कसं. चाचांनी हात वर करून त्यांना थांबवलं. म्हणाले, "बरोबर लिवलंय साहेब. मी असतो तर मीपण ठेवला नसता." आणि खिशातल्या दोन-तीन काजूच्या बिया काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि निघाले.

दारातून परत वळले. म्हणाले, एक काम राहिलंय, येशील? मी विचारलं, कुठे? गुहागरला, म्हणाले. "मी मधेच थांबलो तर पुढचं तू सांगायचं."

रविवारी आम्ही चिपळूणवरून एसटीने गेलो. गुहागरच्या अलीकडे उतरून बरंच चालल्यावर वाडी लागली. जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढत गेलेली, दोन्ही बाजूंना सात-आठ घरं, कुंपणाला कुंपण. तिसरं घर त्यांच्या जोडीदाराचं. त्याची बायको अंगणात सुपावर आमसुलं उलटत होती, बोटं लाल झालेली. पन्नाशीची असेल. तिने चाचांना लगेच ओळखलं. किती वर्षांनी आलात भाई म्हणाली, आम्हाला ओटीवर बसवून पाणी आणलं. मी कोण, ते विचारलं. चाचांनी पाण्याला हात लावला नाही. बसलेही नाहीत. उभ्यानेच सांगायला लागले.

पहिल्यापासून सांगितलं. विमान, पासपोर्ट, दहा शीट, अकरावी शीट. चौकशीत काय झालं ते. फोटोत काय दिसलं ते. मधे कुठेही थांबले नाहीत. माझी गरज लागली नाही. ती सुपाच्या कडेला हात ठेवून ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, "त्या दिवशी इथे बसून काय सांगितलंत तुम्ही?"

"चूक त्याची झाली म्हणून."

"कोणी सांगितलंत?"

"मी."

ती उठली. मला वाटलं, आता आम्हाला हाकलणार. ती विहिरीकडे गेली, हात चोळून चोळून धुतले, तरी बोटांचा लाल रंग गेला नाही. पदर नीट घेऊन आली आणि म्हणाली, "या वाडीत कुणाचा नळ उघडा राहिला ना भाई, तर माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन हसतात. माझ्या पोरांसमोर हसतात. चौदा वर्षं. मला सांगून काय उपयोग? चला."

ती पुढे झाली आणि शेजारच्या अंगणात शिरली. आम्ही मागे. घरातली माणसं बाहेर आली. ती म्हणाली, यांना काय सांगायचंय ते ऐका. आणि बाजूला उभी राहिली. चाचांनी सांगितलं. पहिल्यापासून. मला वाटलं होतं आता थोडक्यात सांगतील, पण नाही. विमान, पासपोर्ट, दहा शीट, अकरावी शीट. मग ती पुढच्या घरी गेली. तिथेही सगळं. साठीचा माणूस, पांढरी दाढी, परक्या वाडीत, परक्या दारात उभा राहून एकेका घराला सांगत होता, की मी न बघता सही केली. एका घरी म्हाताऱ्याने ऐकून घ्यायलाच नकार दिला, आता कशाला उकरता म्हणाला. ती तिथून हलली नाही. चाचांनी त्याच्या पाठीला सगळं सांगितलं. एका घरातली बाई रडायला लागली. एका घरात एक माणूस खाली बघत होता तो शेवटपर्यंत खालीच बघत राहिला. तिसऱ्या-चौथ्या घरानंतर पुढच्या घरांतली माणसं आधीच दारात येऊन उभी राहिली होती.

शेवटचं घर धाकट्या दिराचं. तिथे तिची सासू राहायची. पार वाकलेली, खांबाला टेकून बसलेली. ऐकायला कमी येत होतं. चाचांनी सांगितलं, तिला काही कळलं नाही. सून म्हणाली, मोठ्याने सांगा. चाचा तिच्यापुढे उकिडवे बसले आणि ओरडून सांगायला लागले. खाली पाखाडीपर्यंत आवाज जात असणार. आई, मी बघितलं नाय आणि सही केली. आई, दुसरा नव्हताच. म्हातारी त्यांच्या ओठांकडे बघत होती. संपल्यावर तिने विचारलं, "म्हणजे जो होता तो त्याने बंद केलान?"

"केलान आई. घट्ट केलान होता."

"परत सांग."

चाचांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज बसला. तेव्हा सून म्हणाली, "पुरे." मग हळू, आम्हालाच ऐकू येईल असं म्हणाली, "आता जा भाई. आणि परत इकडे येऊ नका."

चाचांनी मान हलवली. उठायला त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. म्हातारीला सुनेचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. तिने चाचांचा हात धरला आणि सुनेला म्हणाली, "हा लांबून आलाय ना ग? जेवून जाऊ दे त्याला."

सून त्या दोघांच्या हातांकडे बघत राहिली. मग वाकून सासूच्या कानात मोठ्याने म्हणाली, "नको. त्यांना एसटी गाठायची आहे."

म्हातारीने हात सोडला. आम्ही पाखाडी उतरलो. एसटीला अजून दोन तास होते.